आधी युसूफभाईंचं म्हणणं

शबानाचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून तिथंच उभी होते. सकाळचे साडेआठ झाले असतील. शबाना ही युसूफभाईंची मुलगी. पुसदच्या बाजारातलं त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान गेली काही वर्षं तीच सांभाळते. ती म्हणाली, "मॅडम, अब्बा गेले." आणि मी विचारलं, "नक्की का?" ... तेहतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं की माणसाची जीभ अशी होऊन जाते. भाजीवाल्यानं कोथिंबीर ताजी आहे म्हटलं तरी माझ्या तोंडून हेच दोन शब्द निघतात. पण बापाच्या मरणाची बातमी सांगणाऱ्या मुलीला हे विचारायचं नसतं, एवढं कळायला तत्त्वज्ञान लागत नाही. शबाना रागावली नाही. म्हणाली, "हौ मॅडम. मी होती तिथं." मग मी गॅस बंद केला आणि दूध झाकून ठेवलं.

दुपारी त्यांना यवतमाळहून घरी आणलं. संध्याकाळच्या आधी पुरुष मंडळी घेऊन गेली. मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला, तो मी बराच वेळ तसाच धरून ठेवला. शेजारची एक म्हातारी माझ्याकडे पाहून दुसरीला म्हणाली, "ह्या बी लय शिकेल हायेत." मी रडत नव्हते, त्याचं तिनं तिच्या परीनं कारण काढलं असावं. घरी येऊन मी जेवले, भांडी घासली, झोपही लागली. त्याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मला दुःख झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं काहीतरी आहे. गाल आहे, हात लावला की लागतो, पण आपला वाटत नाही. आणि याची मला लाज वाटते, तेवढी मात्र नीट वाटते.

आमची ओळख मशीनमुळेच झाली. आईनं मला लग्नात शिलाई मशीन दिलं होतं. नोकरीला लागून वर्ष झालं असेल, ते टाके सोडायला लागलं. मी तेव्हा नवीन प्राध्यापिका, त्यामुळे मला सगळंच येत होतं. मी विचार केला, यंत्र म्हणजे माणसाच्या बुद्धीनं बनवलेली गोष्ट, बुद्धीनंच ते उलगडायला हवं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मी शटल काढलं, बॉबिनची डबी काढली, दोऱ्याचं टेन्शन काढलं, कापड पुढं सरकवणारे खालचे दाते काढले. दोन दिवसांनी ते सगळं एका प्लास्टिकच्या बादलीत भरून रिक्षानं बाजारात नेलं. युसूफभाईंचं दुकान म्हणजे दोन माणसं बसतील एवढी जागा. तेव्हा ते तिशीचे असतील, काळी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं.

"काय तकलीफ होती?"

"टाके सोडत होतं."

"आन् आता?"

"आता काहीच करत नाही."

ते हसले नाहीत, हे मला फार आवडलं. एकेक भाग काढून त्यांनी कापडावर रांगेत मांडला आणि म्हणाले, "मॅडम, मशीनवर शक घ्यायचा त एका वक्ताले एकाच जाग्यावर घ्यायचा. बाकीचं सारं बराबर हाये असं धरून चालायचं. तुमी त सगळ्यावरच घेतला." मूळ बिघाड एवढाच निघाला की मी सुई उलटी बसवली होती. जाताना त्यांनी विचारलं, मी काय करते. कॉलेजात शिकवते म्हटलं. काय शिकवता? मी जरा थाटात सांगितलं, "शंका कशी घ्यायची ते." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या बादलीकडे, आणि म्हणाले, "अच्छा." ही बादली मी पुढं अनेक वर्गांना सांगितली. अर्थात ती एका ओळखीच्या बाईंची बादली असायची.

त्यानंतर मशीनला काही झालं नसलं तरी मी आठवड्यातून एकदा दुकानात जाऊ लागले. कॉलेज सुटायची वेळ आणि त्यांच्या चहाची वेळ एकच होती. पुसदसारख्या गावात एका बाईनं मिस्त्रीच्या दुकानात तासभर बसून चहा पिणं, त्यात मी देशपांडेबाई आणि ते युसूफभाई, म्हणजे लोकांना बोलायला आयताच विषय होता. पण दुकान रस्त्यावर उघडं, समोर शिंप्यांची ये-जा, आणि आमचं बोलणं असं की ऐकणारा पाच मिनिटांत कंटाळून निघून जाई. मी वर्गात जे शिकवायची ते त्यांना सांगायची. युरोपातल्या एका माणसानं ठरवलं की आजवर जे जे खरं मानलं त्या सगळ्यावर शंका घ्यायची, जुनं घर पायापासून पाडायचं आणि जिथं शंकेला जागाच नाही अशा दगडावर नवं बांधायचं. युसूफभाई सुईत दोरा ओवत विचारायचे, "मंग बांधलं का त्यानं?" मी सांगायची, बांधलं, पण नंतर आलेल्यांनी त्याच्याही पायावर शंका घेतली. ते विचारायचे, "मंग तवरिक लोक कुठं राह्यले?" 

ते सातवीपर्यंत शिकलेले. आजोबांसोबत लहानपणी एका मौलवींकडे जायचे, त्यांची एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. मौलवींना कुणी काहीही विचारलं, वारसाहक्काचं, रोज्याचं, नवरा-बायकोच्या भांडणाचं, तर ते अर्धा तास पुराव्यानिशी उत्तर देत आणि शेवटी म्हणत, बाकी अल्लाला ठाऊक. लहानग्या युसूफला वाटायचं, यांना येत नाही म्हणून असं म्हणतात. मोठेपणी वाटायला लागलं, यांना येतं म्हणून असं म्हणतात. मी तेव्हा म्हटलं होतं की ही नुसती पळवाट आहे, शेवटी सगळं वरच्याच्या गळ्यात टाकलं की झालं. मी असं बोलायची. तरुण होते आणि जिंकायची सवय लागली होती.

एकदा अशाच एका वादात मी त्यांना पार निरुत्तर केलं. विषय आता आठवत नाही. आठवतं एवढंच, की त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली आणि ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमी ज्याले हरवलं तो मी नोहो. मी हे म्हणलंच नव्हतं." मला ते लागलं. वरमून मी त्यांना सांगितलं की आपल्याकडे जुन्या शास्त्रांत वाद करायची एक रीत होती. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्याला पूर्वपक्ष म्हणत. तोही असा मांडायचा की समोरच्यानं मान डोलावून म्हणावं, हो, हेच म्हणतो मी. मगच ते खोडायला तोंड उघडायचं. मी हे दुसऱ्या वर्षाच्या मुलींना शिकवायची. परीक्षेत त्यावर टीप यायची, पाच मार्कांची. मुली पाठ करायच्या आणि विसरायच्या, आणि खरं सांगायचं तर मीही तेच करत होते.

युसूफभाईंनी मात्र ती टीप आयुष्याला लावून घेतली. त्या दिवसापासून दुकानात नियमच झाला. मी काही बोलायला लागले की ते हात वर करायचे, "थांबा. आधी माझं सांगा." मग मला त्यांचं म्हणणं मांडावं लागे, आणि त्यांनी "हौ, हेच" म्हटल्याशिवाय पुढं जाता येत नसे. मग ते म्हणत, "आता तुमचं." दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही त्यांनी सोडलं नाही. ढाणकीचे दोन शिंपी भाऊ एकाच मशीनवर काम करायचे आणि मशीन बिघडलं की एकमेकांवर आळ घ्यायचे. भाईंनी दोघांना बाकावर बसवलं आणि धाकट्याला सांगितलं, तुझ्या भावाची तक्रार तू सांग. तो म्हणाला, याचं म्हणणं आहे मी आळशी आहे. थोरला उसळून म्हणाला, मी असं कधी म्हटलं? मी म्हणतो तू तेल टाकत नाहीस. असं तासभर चाललं. शेवटी धाकट्यानं भावाची तक्रार इतकी नेमकी मांडली, की मांडताना त्याचं त्यालाच कळलं आपण तेल टाकत नाही. भाईंनी दुरुस्तीचे पैसे घेतले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाच मार्काची गोष्ट हाये होय ही?"

अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान सुधीर गेले. अचानक, ऑफिसातच. त्यानंतर घरात जे जे सुरू झालं त्यातल्या प्रत्येक गोष्टीला मी विचारलं, का? कुंकू का पुसायचं? हळदीकुंकवाला मी का जायचं नाही? तेराव्याला कुणाच्या समाधानासाठी जेवण? या प्रश्नांची उत्तरं कुणाकडं नव्हती, आणि ज्या शंकेवर मी जगले तिनं मला त्या दिवसांत खरोखर वाचवलं. ते मी आजही नाकारणार नाही. आजोबा गेल्यावर माझ्या आजीचं काय झालं होतं ते मी लहानपणी पाहिलंय. ती शंका माझ्या आजीला मिळाली असती तर बरं झालं असतं. मी त्यातलं काहीच केलं नाही. चौथ्या दिवशी टिकली लावून कॉलेजात गेले आणि पहिल्या तासाला हजेरी घेतली. नणंद महिनाभर बोलत नव्हती.

युसूफभाई आणि भाभी भेटायला आले तेव्हा नणंद घरातच होती. तिनं भाईंपुढं माझ्या तक्रारी सुरू केल्या. भाई ऐकून घेत राहिले आणि मग तिला माझं म्हणणं त्यांनी समजावून सांगितलं, इतकं नीट की मलाच वाटलं, हो, हेच म्हणते मी. पण जिना उतरताना ते थांबले. "तुमचं सारं बराबर हाये मॅडम. पण एक सांगा, तुमी रडल्या कवा?" मला राग आला. मी म्हटलं, रडण्याला तारीख लागत नाही. ते म्हणाले, "लागते न. तारीख बी लागते, जागा बी लागते, संग बसाले चार माणसं बी लागते. नाई त राहूनच जाते ते." मी दार लावून घेतलं. राहून गेलं ते खरंच, पण हे त्यांना सांगायला मी कधी गेले नाही.

निवृत्तीच्या वर्षी कॉलेजनं माझं व्याख्यान ठेवलं. विषय मीच निवडला होता, आधुनिक शंकावादानं जुन्या परंपरांचं शहाणपण टाकून दिलं का? माझं उत्तर होतं, नाही. मी सांगितलं की आपल्या जुन्या परंपरांत हो आणि नाही दोन्ही न म्हणणारे लोक होऊन गेले, वेदांना न जुमानणारे होऊन गेले, ग्रीकांतही निर्णय राखून ठेवणारे होते. आजचा शंकावाद त्यांचाच वारस आहे. त्यानं शहाणपण टाकलं नाही, त्याला चिकटलेली जबरदस्ती तेवढी टाकली. टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत भाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते, बोटांच्या नखांत मात्र नेहमीचं काळं तेल. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तेव्हा ते म्हणाले, "चांगलं बोलल्या. पण वारसाले घर भेटलं, वागनूक नाई भेटली."

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी नियमाप्रमाणे मांडायला लागले. तुम्ही म्हणता की जुन्यांची शंका श्रद्धेकडे जायची आणि आमची कुठंच जात नाही... "नाई, हे नाई म्हणलं मी." बरं, तुम्ही म्हणता की शंकेला मर्यादा हवी... "नाई." तुम्ही म्हणता की देव आहे हे धरूनच चालायचं, जसं मशीनमधले बाकीचे भाग... "मॅडम, तुमी माह्यावर पुस्तक टाकून राह्यल्या." आम्ही दोघंही हसलो. पण मग ते पुढं चालूच राहिलं. सहा वर्षं. इतर शंभर गोष्टींवर त्यांनी मान डोलावली, या एका गोष्टीवर नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी मी नवीन पद्धतीनं त्यांचं म्हणणं मांडायची आणि ते मान हलवायचे, आडवी. मला वाटायला लागलं होतं की त्यांचं म्हणणं असं काही नाहीच, नुसता हट्ट आहे. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "असंन. पण हट्ट बी नीट मांडाले पायजे."

या उन्हाळ्यात त्यांची तब्येत एकाएकी ढासळली. छातीत पाणी झालं होतं, पुढं बरंच काही निघालं. यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा गेले ती दुपार होती. ते उशाला टेकून बसले होते, नाकात नळी, चष्मा काढलेला. चष्म्याशिवाय ते मला अनोळखी वाटले. भाभी खाटेच्या पायाशी बसून मोसंबी सोलत होत्या. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, शबानानं दुकानात नवं मोटारवालं मशीन आणलं ते झालं. मग ते एकदम म्हणाले, "मॅडम, तिथं काही असंन का हो?"

मी काय केलं ते सांगते. मी खुर्ची पुढं ओढली आणि म्हटलं, "हे बघा भाई, आधी 'तिथं' म्हणजे आपण काय धरतो ते ठरवावं लागेल. आणि 'असणं' हा शब्द आपण या खाटेबद्दल ज्या अर्थानं वापरतो त्या अर्थानं..." असं मी पाच-सात मिनिटं बोलले. माझा आवाज वर्गातला होता, शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला होता. शेवटी म्हटलं, "खरं सांगू का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत असण्याचा मार्ग नाही." भाई डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी हात जरासा वर केला, नेहमीसारखा. "अच्छा. पण तुमी पैले तुमचंच सांगितलं. आता माझं सांगा."

मी घड्याळ पाहिलं. पुसदची बस होती. शिवाय मला वाटलं, सहा वर्षं जे जमलं नाही ते या खाटेपाशी कशाला काढायचं, ते दमतील. मी म्हटलं, "उद्या सांगते. आज आराम करा." ते म्हणाले, "हौ. उद्या सांगा." भाभींनी मोसंबीच्या दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या आणि मी निघाले. त्या 'उद्या'च्या सकाळी साडेआठला शबानाचा फोन आला.

भाभी सध्या इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घरातच राहायचं, नटायचं-थटायचं नाही, गरजेशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, असा तो काळ असतो. मी बाई असल्यामुळे त्यांना भेटू शकते. मागच्या आठवड्यात गेले. त्या खिडकीजवळ सतरंजीवर बसल्या होत्या, पांढरी ओढणी, हातात काही नाही. मला ते पाहवलं नाही आणि मी सवयीनं सुरू झाले. भाभी, तुम्हाला कुणी असं बसवलं आहे का, शबानासोबत दुकानात जाऊन बसलात तर जीव रमेल, पुरुषांना कुठं असं बसावं लागतं... त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मले कोणी नाई बसवलं मॅडम. मी बसली. मले आता कोणी 'चला बाजारात' म्हणत नाई, कोणी 'हसा' म्हणत नाई. येनारी बाई येते, बसते, जाते. मले दुसरं काई कराचं नाई."  सुधीर गेल्यावर चौथ्या दिवशी मी पहिल्या तासाला घेतलेली हजेरी मला आठवली. त्या वर्गातली नावं ओळीनं आठवली. 

मग त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी ते तुमाले म्हणले, माझं सांगा. तुमी उद्या म्हणलं." मी मान डोलावली. "तुमी गेल्यावर मले म्हणले, माझं म्हणनं माह्यापेक्षा मॅडमले चांगलं मांडता येते. मले आता ते नीट आठवत नाई, उद्या त्या सांगतीन." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या सांगत होत्या, एवढंच. मला त्या खाटेपाशी वाटलं होतं की भाई वादाचा पुढचा डाव मागताहेत. त्यांना वाद नको होता. आयुष्यभर जपलेली एक गोष्ट त्या दुपारी त्यांच्या हातून निसटत होती, आणि ती त्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायची होती. मी ज्या मुद्द्यावर शंका घेत आले तो मुद्दा माझ्याकडे नीट जपून ठेवलेला असेल, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

भाभी म्हणाल्या, "मले सांगा न. इतकी वर्सं तुमी दोघं काय बोलत होते, मले कोणी सांगितलंच नाई."

मी सुरुवात केली. तुमचे ते म्हणायचे की जुन्या परंपरांमध्ये शंकेला एक चौकट होती... "हे तुमचं झालं," भाभी म्हणाल्या, "त्यायचं सांगा." मी थांबले. पुन्हा सांगायला लागले, की ते म्हणायचे वर काहीतरी आहे यावर भरवसा ठेवला की माणूस... "नाई. असं पक्कं नाई म्हणत होते ते. ते त म्हणत, वरच्याले मालूम, मले कुठून मालूम."  परीक्षेला बसल्यासारखी मी त्या सतरंजीवर बसले होते. दुकानातली सहा वर्षांची सगळी "नाई" मी मनात एकापुढं एक मांडली... आणि मग मी सोप्या भाषेत बोलायला लागले, विचार न करता.

"ते म्हणायचे, तुम्हाला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. जुन्या लोकांनाही माहीत नव्हतं. मौलवींनाही नव्हतं, म्हणून ते शेवटी तसं म्हणायचे. पण माहीत नसताना कसं बसायचं, काय करायचं, कुणासोबत बसायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. कबरीवर तीन मुठी माती घालायची, दिवस मोजायचे, येणाऱ्याला पाणी द्यायचं. हे सगळं ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठीच आहे. आम्ही शिकलेल्यांनी 'माहीत नाही' एवढं ठेवलं आणि बसायची रीत टाकून दिली. म्हणून आमचा माणूस माहीत नाही म्हणतो आणि बसची वेळ झाली म्हणून उठून जातो."

शेवटचं वाक्य भाईंचं नव्हतं. पण भाभींनी ते खोडलं नाही. खिडकीकडं बघत त्यांनी मान डोलावली, उभी. "हौ. हेच. असंच म्हणत होते ते." मग ओढणीचं टोक सारखं करून त्या म्हणाल्या, "आता तुमचं सांगा."

मी म्हटलं, "मला माहीत नाही, भाभी."

"ठीक हाये," त्या म्हणाल्या आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून सतरंजीवर थोड्या सरकल्या. दवाखान्यात मी भाईंना जे सांगितलं होतं तेच मी आत्ता बोलले होते, त्यात एक शब्दही नवा नव्हता. भाईंनाही एवढंच हवं होतं, फक्त त्यांचं म्हणणं आधी मांडून झालेलं. संध्याकाळची अजान झाली, भाभी नमाजाला उठल्या, नमाज पढून परत आल्या. मी तिथंच बसून होते. घरी जायची मला घाई नव्हती.